विक्कामधली देवी, तिचा देव आणि जोडीचा आग्रह

रानवेल

विक्का ह्या इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या, देवी आणि निसर्ग मानणाऱ्या नव्या धर्माबद्दल मराठीत शोधायला गेलं की एकतर हॅलोवीनच्या बातम्या सापडतात नाहीतर जादूटोणा, भानामती असलं काहीतरी, म्हणून हा धागा काढतेय. मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहते आणि इथल्या पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या देवदेवतांच्या वाटेने जाणाऱ्या, लोकांच्या खुल्या कार्यक्रमांना जात असते. दीक्षा घेतलेली नाही, त्यामुळे कव्हनच्या (दीक्षा घेतलेल्यांच्या छोट्या गटाच्या) आत शपथेवर जे चालतं त्यातलं काही इथे येणार नाही, जे छापून आलंय आणि उघड्यावर बघायला मिळतं तेवढ्यावरच बोलतेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. जेराल्ड गार्डनर नावाचा इंग्रज माणूस, सिलोन, बोर्निओ, मलाया इथे मळ्यांवर आणि नंतर कस्टम्समध्ये नोकरी करून १९३६ साली रिटायर झाला आणि मायदेशी परतला. १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागातल्या एका कव्हनने आपल्याला दीक्षा दिली असं तो सांगायचा. १७३५ चा विचक्राफ्ट अ‍ॅक्ट १९५१ साली रद्द झाला, १९५४ साली गार्डनरने 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक काढलं आणि तिथून हा धर्म जाहीरपणे लोकांसमोर आला. म्हणजे वय बघितलं तर आपल्या आजी-आजोबांपेक्षा लहान. त्या पुस्तकाला प्रस्तावना होती मार्गारेट मरे ह्या अभ्यासक बाईची. युरोपात चेटकीण ठरवून ज्यांना मारलं ते लोक ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या एका जुन्या धर्माचे होते आणि शिंगं असलेल्या देवाला भजायचे, असं तिने १९२१ साली मांडलं होतं. इतिहासकारांनी ती थिअरी केव्हाच मोडीत काढलीय, पण तिचा शिंगवाला देव मात्र विक्कात येऊन बसला तो कायमचाच.

आता मुद्द्यावर येते. विक्कात एक देवी आणि एक देव, आणि दोघंही ह्याच जगातले, वर बसून पापपुण्याचा हिशेब ठेवणारं कोणी नाही. देवीकडे चंद्र, पृथ्वी, समुद्र. तिची तीन रूपं सांगतात, कुमारी, आई आणि म्हातारी, चंद्राच्या वाढत्या, पूर्ण आणि घटत्या कलांप्रमाणे. देवाकडे जंगल, शिकार, सूर्य आणि मृत्यू. हा शिंगवाला म्हणजे सैतान नव्हे, सैतान ही ख्रिस्ती कल्पना आणि विक्कात ती नाहीच. गार्डनरच्या परंपरेत दोघांची खरी नावं गुप्त असतात, बाहेर बोलताना सेर्नुनोस, हर्न, डायना, अरेडिया अशी नावं घेतात.

वर्षाचे आठ सण म्हणजे ह्या दोघांची गोष्ट. यूलला, म्हणजे सगळ्यात मोठ्या रात्रीच्या सुमाराला, देवीच्या पोटी देव जन्मतो, वसंतात वाढतो, बेल्टेनला (१ मे) दोघांचं मीलन, लुनासाला (१ ऑगस्ट) कापणीबरोबर तो स्वतःला देऊन टाकायला लागतो, सॉविनला (३१ ऑक्टोबर) मरतो आणि पुढच्या यूलला पुन्हा तिच्याच पोटी येतो.

इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण मला विचाराल तर विक्काचा गाभा बघायचा असेल तर पौर्णिमेचा विधी बघावा, ज्याला ड्रॉइंग डाउन द मून म्हणतात. वर्तुळ आखलेलं असतं. हाय प्रीस्टेस (कव्हनची मुख्य पुजारीण) वेदीला पाठ करून उभी राहते, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे. हाय प्रीस्ट तिच्यासमोर गुडघ्यावर बसतो, पावलं, गुडघे, ओटीपोट, छाती, ओठ अशा पाच ठिकाणी चुंबन घेतो आणि देवीला तिच्यात उतरायची विनंती करतो. मग ती हात उघडते आणि बोलायला लागते ती 'मी' म्हणून. देवी असं म्हणते, तसं म्हणते असं नाही, तर मी, मी तुमची आई, मी हिरवी पृथ्वी. ज्या समाजात चर्चमध्ये बाईला वेदीजवळ उभं राहू देत नव्हते (चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बायकांना धर्मगुरू व्हायला १९९४ साल उजाडलं) तिथे १९५०च्या दशकात एका खोलीत हे घडत होतं, आणि ह्या गोष्टीला जेवढं महत्त्व द्यावं तेवढं कमीच असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं की विक्कात 'स्त्री-पुरुष जोडी, पोलॅरिटी, दोन टोकांमधली ऊर्जा' ह्यावर जो भर देतात तो नंतर चढवलेला थर आहे, खरा जीव आहे तो देवीला स्वतःच्या तोंडाने बोलायला मिळालं ह्यात. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, विरोधी मत असेल तरी लिहा.

निशिगंधा७

मस्त धागा, बऱ्याच दिवसांनी असं काही वाचायला मिळालं. एक शंका, जन्मतो पण तिच्याच पोटी आणि बेल्टेनला मीलन पण तिच्याशीच? म्हणजे मुलगा आणि नवरा एकच? मला हे वाचून जरा कसंतरीच झालं, त्यांच्यात कोणी ह्यावर बोलत नाही का?

रानवेल

बोलतात की, आणि नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. ह्याचं मूळ जेम्स फ्रेझरच्या 'गोल्डन बाउ'मध्ये आहे (पहिली आवृत्ती १८९०). दरवर्षी मरून पुन्हा उगवणारा पिकाचा देव आणि कायम राहणारी देवी ही कल्पना त्याने अनेक देशांच्या कथा एकत्र करून मांडली आणि तेव्हाच्या इंग्लंडमधल्या वाचणाऱ्या लोकांवर तिचा प्रचंड पगडा होता. धान्य आणि जमीन असं डोक्यात ठेवून वाचलं तर खटकत नाही. बी जमिनीतून येतं आणि जमिनीतच जातं. माणसांचं कुटुंब म्हणून वाचलं की खटकतं. बऱ्याच गटांनी ही गोष्ट बाजूला ठेवून ओक राजा आणि होली राजा ह्यांची वर्षातून दोनदा होणारी लढाई घेतलीय, त्यात उजेडाचं अर्ध वर्ष एकाचं आणि अंधाराचं दुसऱ्याचं.

भटक्या_दामू

शिंगवाला देव म्हटल्यावर मला पहिल्यांदा मोहेंजोदडोची पशुपती मुद्राच आठवली!! डेन्मार्कमध्ये १८९१ साली सापडलेलं ते चांदीचं भांडं बघा, गुंडेस्ट्रुप का काय, त्यावर पण शिंगवाला माणूस मांडी घालून बसलाय आणि भोवती प्राणी. सेम टू सेम. मला तर वाटतं हे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलंय, कोणी नीट अभ्यास करत नाही एवढंच.

अनिरुद्ध_प

दामू, दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की साम्य दिसतं हे खरं, पण मुद्रा आणि भांडं ह्यांच्यात दोनेक हजार वर्षांचं अंतर आहे आणि मधल्या काळातला दुवा कुठेही नाही. मुद्रेवरचा तो पशुपती आहे हेसुद्धा जॉन मार्शल ह्या पुरातत्त्वज्ञाने १९३१ साली केलेलं अनुमान, सिंधू लिपी वाचता आलेली नाही त्यामुळे त्यावर अजून वाद आहेत. सेर्नुनोस हे नाव पॅरिसला १७१० साली नोत्र दामच्या खाली सापडलेल्या एका दगडी स्तंभावर आहे, रोमन काळातल्या नावाड्यांनी उभारलेला स्तंभ. त्या देवाची एकही कथा शिल्लक नाही. काही चित्रं, एक नाव, बस.

आता विक्कातला शिंगवाला घडला कसा तर रोनाल्ड हटन ह्या ब्रिस्टलच्या इतिहासकाराने १९९९ साली 'द ट्रायंफ ऑफ द मून'मध्ये ते सविस्तर दाखवलंय. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कवींना ग्रीकांच्या पॅन ह्या शिंगवाल्या रानदेवाचं जबरदस्त आकर्षण होतं, शहरं काळवंडत चालली होती, जंगलं जात होती, त्यांना रानातला एक देव हवा होता. चंद्राची आणि निसर्गाची देवीसुद्धा त्याच कवितांमधून आली. हे सांगून मला विक्काला कमी लेखायचं नाही, कवितेतून धर्म तयार झाला ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आणि इथे कोणीतरी टाकेलच म्हणून आधीच सांगतो, युरोपात नव्वद लाख बायकांना जाळलं हा आकडा चुकीचा आहे. इतिहासकारांचा अंदाज साधारण चाळीस ते साठ हजार लोकांना मारल्याचा आहे, त्यात बायका बहुसंख्य पण पुरुषही होते. तोही आकडा भयंकरच आहे, फुगवायची गरज नाही.

केतकी_पान

रानवेल, फार सुंदर लिहिलंयस. मला वाचताना सारखं वाटत होतं की आपल्याकडे देव-देवी जोडी म्हणून इतक्या रुजलेल्या आहेत की ह्यात क्रांती काय झाली हे चटकन कळतच नाही. अमृतानुभवाचं पहिलं प्रकरणच शिवशक्तीच्या वंदनाचं आहे. त्यात ज्ञानेश्वर म्हणतात की नवऱ्याला रूपच नाही ह्याची तिला लाज वाटली म्हणून तिने नामरूपाचं जगाएवढं लेणं करून मिरवलं. म्हणजे जे दिसतं ते सगळं तिचं काम आणि तो नुसता आहे. सांख्यांचंही तसंच, पुरुष बघत बसलेला आणि प्रकृती सगळं करणार.

विक्कातली पोलॅरिटी मी वाचली त्यात उलट दिसतं, पुरुष म्हणजे कृती, देणारा आणि स्त्री म्हणजे ग्रहण करणारी. हे कुठून आलं? की व्हिक्टोरियन घरातल्या नवरा-बायकोलाच देव-देवी केलंय?

रानवेल

केतकी, थँक्स, हा प्रश्न कोणीतरी विचारावा असं वाटतच होतं. पोलॅरिटीची ही मांडणी मुख्यतः डायन फॉर्च्यून ह्या बाईकडून आली. ती विक्कन नव्हती, गार्डनर प्रसिद्ध व्हायच्या आधीच १९४६ साली वारली. तिचं म्हणणं पूर्ण घेतलं तर इंटरेस्टिंग आहे, बाहेरच्या जगात पुरुष सक्रिय आणि स्त्री ग्रहणशील, पण आतल्या पातळ्यांवर नेमकं उलटं, तिथे स्त्री चेतवते आणि पुरुष घडतो. पुढच्या लोकांनी त्यातला पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. सगळे देव म्हणजे एक देव आणि सगळ्या देवी म्हणजे एक देवी हे विक्कन लोक ज्या वाक्यातून घेतात तेही तिच्याच १९३८ च्या कादंबरीतलं. सगळ्यांना ते पटतं असंही नाही, आजचे बरेच पेगन म्हणतात की ब्रिगिड वेगळी, डायना वेगळी, त्यांना एकीत कोंबू नका.

घाटावरचा

मी उलट बाजूने बोलतो. मला जोडी हा नंतरचा थर वाटत नाही, तोच पाया वाटतो. निसर्गाचा धर्म म्हणायचं, पिकाचे सण करायचे, आणि नर-मादीशिवाय निसर्गात पुढचं काही होतच नाही हे मात्र बाजूला ठेवायचं हे कसं काय? माझं गाव सातारकडे, पेरणी, कणीस, गाभण गाय हे लहानपणापासून बघितलंय. विक्कात चषकात सुरी बुडवायचा जो विधी असतो त्यात सरळसरळ मीलनच आहे ना? मग जोडी गाळली तर राहिलं काय? आणि दुसरं, जगातल्या बहुतेक धर्मांनी एकतर फक्त बाप ठेवला किंवा देवाला लिंगच नाही म्हणाले, विक्कावाल्यांनी दोघांना मान दिला ही त्यांची मोठी देणगी आहे, ती त्यांनीच का टाकून द्यायची?

रानवेल

घाटावरचा, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि विक्कातले जुने जाणते लोक हेच म्हणतात. पण तुम्ही नेमका तो विधी काढलात म्हणून तो जवळून बघू. गार्डनरच्या पद्धतीत शेवटी केक आणि वाइनचा आशीर्वाद असतो. काळ्या मुठीचा दुधारी सुरा, अथामे, हा पुरुषाचं प्रतीक, चषक स्त्रीचं. आता कोणाच्या हातात काय असतं? छापलेल्या जुन्या विधीत पुरुष गुडघ्यावर बसून चषक वर धरतो आणि स्त्री दोन्ही तळव्यांमध्ये सुरा धरून त्याचं टोक वाइनमध्ये बुडवते. म्हणजे बाईच्या हातात पुरुषाचं चिन्ह आणि पुरुषाच्या हातात बाईचं. हे सगळं सुरुवातीपासून तिथेच होतं. बऱ्याच नव्या गटांनी ते 'सरळ' करून पुरुषाला सुरा आणि बाईला चषक दिलाय, आणि तुम्ही म्हणता तशी जोडी त्यातून जास्त कडक झालीय.

दुसरं म्हणजे देवी जे बोलते ते भाषण, चार्ज ऑफ द गॉडेस. आजचा गद्य मजकूर डोरीन व्हॅलिएंतेचा. १९५३ साली गार्डनरने तिला दीक्षा दिली. त्याच्या विधींच्या वहीतले बरेच उतारे अ‍ॅलिस्टर क्रोली ह्या इंग्रज गूढविद्यावाल्याचे आहेत हे तिने ओळखलं आणि तोंडावर सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की तुला जास्त चांगलं जमत असेल तर कर. तिने केलं. लेलंड ह्या अमेरिकन लेखकाच्या १८९९ च्या 'अरेडिया' पुस्तकातलं थोडं ठेवलं, क्रोलीचं बरंच कमी केलं, आणि बाकी स्वतःचं. त्यात देवी भक्तांना सांगते की तुमच्यात सौंदर्य असू दे आणि बळ, सत्ता आणि करुणा, मान आणि नम्रता, आनंद आणि आदर. नीट बघा, ह्यातलं बळ आणि सत्ता पुरुषांकडे आणि सौंदर्य, करुणा, नम्रता बायकांकडे अशी वाटणी तिने केलेलीच नाही, आठही गुण प्रत्येकाकडे मागितलेत. पोलॅरिटी असलीच तर ती एकाच माणसाच्या आत आहे. माझा सगळा युक्तिवाद ह्या एका यादीवर उभा आहे म्हटलं तरी चालेल.

सजग_नागरिक

माहिती चांगली आहे पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे नंदुरबारसारख्या भागात डाकीण ठरवून बायकांना अजून मारहाण होते, गाव सोडायला लावतात, त्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आणि त्यासाठी दाभोलकरांना जीव गमवावा लागला. अशा ठिकाणी बसून तिकडच्या सुशिक्षित बायका स्वतःला हौसेने विच म्हणवतात हे वाचून मला अस्वस्थ होतं. आणि हे पौर्णिमेचं जे वर्णन आहे ते म्हणजे अंगात येणंच झालं, वेगळं काय?

रानवेल

तुमची अस्वस्थता मला समजते आणि ती रास्त आहे. ज्या बाईला शेजाऱ्याने जमिनीसाठी डाकीण ठरवलं तिने ते नाव निवडलेलं नाही, आणि ह्या दोन गोष्टी कधीही एकत्र करू नयेत. विक्कन लोकांनाही ते माहीत आहे. इंग्लंडमध्ये १७३५ च्या त्या कायद्याखाली १९४४ साली हेलन डंकन नावाच्या मिडियम (मेलेल्यांशी बोलते असं सांगणाऱ्या) बाईला तुरुंगात टाकलं होतं, ते फार लांबचं नाही. स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर स्टर्जन ह्यांनी ८ मार्च २०२२ रोजी, जुन्या खटल्यांत मारल्या गेलेल्यांची सरकारतर्फे माफी मागितली.

अंगात येण्याबद्दल, हो, जवळचं आहे. फरक एवढाच की इथे बहुतेक वेळा शब्द आधीपासून पाठ असतात आणि कोणी गाऱ्हाणं, उपाय, दोष विचारायला रांगेत नसतं. कधी कधी पाठ केलेलं सोडून दुसरंच काही बोललं जातं, ते झालं तर ऐकून घेतात.

अनिरुद्ध_प

सजग ह्यांच्या प्रतिसादाला +१. आणि पुस्ती, व्हॅलिएंते गार्डनरला सोडून गेली १९५७ साली, त्याचं कारण ह्या धाग्याशी थेट जुळतं. त्याचं प्रसिद्धीचं वेड कव्हनमधल्या बऱ्याच जणांना नको होतं, त्यांनी काही नियम मागितले. त्याने उत्तरादाखल 'प्राचीन नियम' म्हणून एक यादी पुढे केली, त्यात होतं की हाय प्रीस्टेसने वय झालं की तरुण बाईसाठी आनंदाने जागा सोडावी. यादी त्याआधी कोणी पाहिलेली नव्हती. देवीच्या नावाने चालणाऱ्या धर्मात बाईची मुदत पुरुष ठरवतोय हे तिने खपवून घेतलं नाही.

सुमन_का

हे वाचून मला लिहावंसं वाटलं. माझं वय साठीच्या पुढे, मुलगी टेक्सासला असते, तिच्या ओळखीच्या एका अमेरिकन बाईचा क्रोनिंग म्हणून कार्यक्रम होता त्याला मी गेले होते. पाळी थांबल्यावर, म्हातारपणात पाऊल टाकल्याचा कार्यक्रम. वीसेक बायका, प्रत्येकीने तिला आपल्या आयुष्यातलं एक काही सांगितलं, मग तिच्या खांद्यावर जांभळी शाल घातली. मला रडू आलं. आपल्याकडे ओटी भरतात, डोहाळजेवण करतात, ते सगळं ज्या बाईला मूल होणार तिचं. नवरा गेला की हळदीकुंकवातून बाहेर. म्हातारी झालीस, आता तू देवीचं तिसरं रूप आहेस असं मला कोणी कधी सांगितलं नाही.

पण कुमारी-आई-म्हातारी ह्यात जिला मूल झालं नाही तिने कुठे उभं राहायचं? माझी धाकटी बहीण आयुष्यभर शाळेत शिकवत राहिली, लग्न केलं नाही.

रानवेल

सुमनकाकू, किती छान लिहिलंत. तुमच्या बहिणीचा प्रश्न तिकडच्या बायकांनीही विचारलाय. ही त्रयी ह्या रूपात रॉबर्ट ग्रेव्हज नावाच्या कवीने १९४८ साली लोकप्रिय केली, जुन्या ग्रीक देवी हेकाटीला तीन तोंडं होती पण ती कुमारी, आई, म्हातारी अशी नव्हे. ग्रेव्हजसाठी देवी म्हणजे कवीला स्फूर्ती देणारी, म्हणजे बघणारा पुन्हा पुरुषच. त्यामुळे काही जणींनी आई आणि म्हातारी ह्यांच्या मधे चौथं रूप घातलंय, काम करणारी, सत्ता हातात असलेली मध्यमवयीन बाई, तर काही म्हणतात की 'आई' म्हणजे मूलच असं नाही, जे काही घडवलं, वाढवलं ते सगळं. मला स्वतःला दुसरं उत्तर पुरेसं वाटत नाही, त्यात बाईला पुन्हा आईपणाच्याच मापाने मोजलं जातं.

मेलबर्नकर

आमच्याकडे अजून एक गंमत. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबरअखेर वसंत असतो, तेव्हा देव मेला म्हणून सॉविन करायचं तर बाहेर सगळं फुललेलं. म्हणून इथले बरेच विक्कन चाक उलटं फिरवतात, सॉविन एप्रिलअखेर आणि बेल्टेन ऑक्टोबरअखेर, यूल जूनमध्ये. सूर्य पण इथे उत्तरेकडून जातो त्यामुळे वर्तुळ कुठल्या दिशेने फिरायचं ह्यावरही चर्चा. माझी ऑफिसमधली मैत्रीण म्हणते की पुस्तक बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघितल्यावरच तिला देवी कळली.

बाय द वे सूर्य देव आणि चंद्र देवी हे तरी सगळीकडे कुठे आहे, आपला चंद्र पुरुष, जपानची सूर्यदेवता अमातेरासू बाई, उत्तर युरोपातसुद्धा सूर्य बाई आणि चंद्र पुरुष. त्यांच्याच पूर्वजांच्या कथांत उलटं असताना हे निसर्गातून आलं कसं म्हणायचं?

कोरी_पाटी

पहिल्यांदाच लिहितोय इथे, एरवी वाचनमात्र असतो. मी गे आहे आणि कॉलेजमध्ये असताना नेटवर विक्काबद्दल वाचून फार ओढ वाटली होती, मग पुढे वाचलं की दीक्षा पुरुषाने बाईला आणि बाईने पुरुषालाच द्यायची, वर्तुळात शक्यतो जोड्या, आणि वाटलं की इथेही आपल्याला जागा नाही. नंतर कळलं की ह्याला उत्तरं त्यांच्यातूनच आली. न्यूयॉर्कमध्ये एडी बुचिन्स्कीने १९७७ साली मिनोअन ब्रदरहूड सुरू केला, फक्त पुरुषांसाठी, आणि तिथेही देवी आहेच, देवाबरोबर. म्हणजे देवी-देव ठेवून माणसांची जोडी काढून टाकली.

दुसरीकडे लॉस एंजेलिसमध्ये झुझाना बुडापेस्टने १९७१ साली फक्त बायकांचा गट काढला, त्यात देवच नाही, फक्त देवी. तिला टॅरो वाचल्याबद्दल १९७५ साली अटक झाली होती. पण त्याच परंपरेत पुढे भिंत उभी राहिली, २०११ साली कॅलिफोर्नियातल्या पॅंथियाकॉन संमेलनात बायकांच्या एका विधीतून ट्रान्स बायकांना दारातून परत पाठवलं आणि त्यावर पेगन जगात मोठं वादळ झालं. ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांनीच दुसऱ्यांना बाहेर ठेवलं ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

घाटावरचा

कोरी_पाटी, लिहिलंत हे फार बरं केलंत, लिहीत राहा. माझा प्रश्न मात्र तसाच आहे. सगळ्यांना सामावून घेतलं पाहिजे ह्याच्याशी मी सहमत, पण ते माणसांच्या बाबतीत. देव-देवी ही तत्त्वं आहेत, त्यांना कशाला हात लावायचा? आणि ह्या सगळ्या चर्चेत देव कुठे हरवला? देवीबद्दल सगळे भरभरून लिहितायत, पुरुषाने ह्या धर्मातून घ्यायचं काय?

कोरी_पाटी

तत्त्वं आकाशातून पडत नाहीत ना, कोणीतरी मांडलेली असतात. स्टारहॉक ह्या अमेरिकन पेगन लेखिकेचंच बघा, 'द स्पायरल डान्स' १९७९ साली आलं तेव्हा त्यात नर-मादी पोलॅरिटी भरपूर होती. दहा वर्षांनी नवीन आवृत्ती काढताना तिने स्वतःच टिपा लिहून सांगितलं की आता मी हे असं मांडणार नाही, गुणांना बायकी-पुरुषी असं वाटून टाकणं तिला पटेनासं झालं होतं. आणि पुस्तकातला मूळ मजकूर तसाच ठेवून शेजारी मत बदललेलं लिहिलं. तिच्या रिक्लेमिंग परंपरेने २०१२ साली आपल्या तत्त्वांच्या मसुद्यातलं देवी-देव असं जोडीचं वाक्य बदलून अनेक लिंगांच्या देवता असं केलं. तिथल्याही जुन्या लोकांना ते जड गेलं, पण चर्चा करून केलं.

रानवेल

देवाबद्दल, घाटावरचा. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला त्यांच्या एका कथेत मिळतं, देवी पाताळात उतरते ती कथा, गार्डनरने १९५४ च्या पुस्तकात छापलेली. मेसोपोटेमियाच्या इनाना-इश्तार देवीच्या जुन्या कथेची सावली तिच्यावर स्पष्ट आहे. देवीला मृत्यूचं कोडं सोडवायचं असतं. दारावरचे राखणदार तिला वस्त्रं आणि दागिने उतरवायला लावतात. आत मृत्यू बसलेला, म्हणजे हा शिंगवाला देवच. ती समोर येते तेव्हा तो तिच्यापुढे गुडघे टेकून तिच्या पायांचं चुंबन घेतो आणि इथेच राहा म्हणतो. ती सरळ नाही म्हणते, माझं तुझ्यावर प्रेम नाही, आणि विचारते की मला प्रिय असलेलं सगळं तू का कोमेजवतोस? तो सांगतो की ते वय आणि नियती करते, मी काही करू शकत नाही, पण जे माझ्याकडे येतात त्यांना मी विश्रांती देतो, बळ देतो, परत जाता येईल इतकं. पुढे दोघं एकमेकांना आपापलं रहस्य शिकवतात.

म्हणजे ह्या देवाचं काम हुकूम सोडणं नाही, लढाया जिंकणंही नाही. आलेल्याला आसरा देणं, हतबलता कबूल करणं, शिकवणं आणि शिकणं. बापाने मुलाला कधी दाखवली नाही अशी पुरुषाची बाजू आहे ही, आणि इथल्या पेगन पुरुषांशी बोलताना ते ह्याच देवाबद्दल सगळ्यात जास्त आपुलकीने बोलतात. केतकीने वर ज्ञानेश्वर आणले तर मी विठ्ठल आणते, आपण त्याला माऊली म्हणतो, जनाबाईबरोबर तो दळायला बसतो, आणि कोणाला त्यात देवाचं पुरुषपण कमी झालं असं वाटत नाही. तेव्हा तत्त्वांना हात लावायचा की नाही ह्यावर मी ठाम आहे, लावायचा, गार्डनरनेही लावला, व्हॅलिएंतेनेही लावला.

केतकी_पान

विठाईचा मुद्दा एकदम पटला. रानवेल, इनक्लूझिव्ह म्हणवणारे गट तो चषकाचा विधी कसा करतात मग? सुरा नसतोच का?

रानवेल

वेगवेगळं करतात. मी ज्या खुल्या कार्यक्रमाला जाते तिथे सुरा आणि चषक दोन्ही असतात पण कोणी काय धरायचं ते त्या दिवशी ठरतं, दोन बायका असतात, दोन पुरुष असतात, आणि म्हणायचं वाक्य बदलून प्रेम करणारा आणि ज्याच्यावर प्रेम आहे तो असं काहीसं करतात. दुसऱ्या एका गटात दोन चषक होते, एकातून दुसऱ्यात ओतायचं आणि परत. तिथे एक वयस्कर गृहस्थ होते, जुन्या पद्धतीत वाढलेले, त्यांना सुरा नसल्याचं आवडलं नव्हतं आणि त्यांनी ते जेवताना सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, पुढच्या पौर्णिमेला पुन्हा आले.

निशिगंधा७

हे सगळं बघायला मिळतं कुठे? पुढच्या वर्षी कामासाठी दोन महिने लंडनला असणार आहे, बाहेरच्या माणसाला येऊ देतात का?

रानवेल

कव्हनच्या विधीला नाही, तिथे ओळख आणि बरीच प्रतीक्षा लागते. पण मूट म्हणून असतात, महिन्यातून एकदा पबमध्ये जमून गप्पा, तिथे कोणीही जाऊ शकतं, आणि आठ सणांना बरेच गट उघड्यावर कार्यक्रम करतात. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत ७४ हजार लोकांनी पेगन आणि १३ हजारांनी विक्का असं लिहून दिलंय, त्यामुळे लंडनमध्ये शोधायला त्रास पडणार नाही. फोटो काढायच्या आधी विचारायचं, कोणाच्या सुऱ्याला न विचारता हात लावायचा नाही, आणि जाताना खायला काहीतरी घेऊन जा, विधी संपला की सगळे एकत्र जेवतात. तारखा कळव, मी तिकडे असले तर बरोबर येईन.